चीनचीं फावडी-नाणीं व सुरी-नाणीं

नाण्याचा आकार पाहून त्याचा काल ठरविण्याची संवय संग्राहकांत बरीच रूढ आहे. चीन देशांतील फावड्याच्या व सुरीच्या आकाराचीं नाणीं या संवयीस बाध आणितात, म्हणून त्यांविषयीं थोडें लिहितों.

फावड्याच्या आकाराचीं कांशाचीं नाणीं इ. स. पू. ७ व्या-६ व्या शतकांच्या सुमारास चौ राजांच्या लोयांग प्रांतीं व जिन राज्यांत प्रचारांत होतीं. त्यांना दांडा बसविण्याजोगी पोकळ खोबण असे. परंतु पत्रा इतका पातळ कीं, त्यानें माती उकरणें अशक्य. पुष्कळ नाण्यांच्या खोबणींत ओतकामाच्या वेळचा मातीचा गाभा अद्याप तसाच सांपडतो. अर्थात् तें अवजार नव्हे, अवजाराची खूण होय. पुढें खोबणही जाऊन केवळ सपाट पत्रा राहिला. शान्तुंगांतील छी राज्यांत व उत्तरेकडील येन राज्यांत सुरीचा आकार चाले. मुठीच्या टोंकास कडें असे. चिनी भाषेंत पैशाला 'छ्येन' म्हणतात, तो शब्दही मूळचा शेतीच्या अवजाराचा वाचक आहे. आपल्या 'कार्षापण' शब्दांत मात्र 'कर्ष' हें वजन आहे, आकार नाहीं.

इ. स. पू. २२१ मध्यें छिन राजानें सर्व राज्यें एकछत्री केलीं व चौकोनी भोंकाचें वाटोळें 'पान-ल्यांग' नाणें सर्वत्र लागू केलें. जुने आकार येथें संपले असें वाटतें. पण वांग मांग यानें इ. स. ७ मध्यें सुरी-नाणीं पुनः काढलीं. त्यांतील एका प्रकारावर दोन अक्षरें सोन्यानें भरून त्याची किंमत ५००० साध्या नाण्यांइतकी ठरविली. इ. स. १० मध्यें सोनें, रुपें, कांसवाची पाठ, कवड्या व कांसें मिळून चलनाचे २८ प्रकार झाले. त्यांत फावड्याचेच १० होते. इ. स. २३ मध्यें वांग मांग मारला गेला.

तेव्हां केवळ आकारावर विसंबणाराची चूक सव्वादोनशें वर्षांहून अधिक होऊं शकते. निर्णय अक्षरांवरून करावा म्हटलें, तर 'आनयांग' हें नांव एकाहून अधिक राज्यांतील गांवांना होतें. अशा वेळीं नाणें कोठें व कशाबरोबर सांपडलें, हाच आधार उरतो. यास्तव संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, नाणें घांसून लखलखीत करूं नये, खोबणींतील माती काढूं नये, आणि सांपडल्याचें स्थळ त्याच दिवशीं टिपून ठेवावें. धातु टिकतो, परंतु ही माहिती एकदां गेली म्हणजे कोणत्याही विद्वत्तेनें परत मिळत नाहीं.