ओली जमीन आणि वसंतातले कंद

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हे तर बागकामाचं व्याख्यान आहे. आहे थोडंसं. पण मला बोलायचंय ते इतिहासाबद्दल. ओल्या जमिनीत वसंतात फुलणारे कंद कसे जगवायचे, हा प्रश्न माणसांनी निरनिराळ्या ठिकाणी कसा सोडवला आणि त्याची काय किंमत मोजली, हे बघायचंय.

ट्यूलिप म्हटलं की आपल्याला हॉलंड आठवतं. ट्यूलिप मूळचा तिथला नाही, हेही आता बहुतेकांना ठाऊक असतं. त्याचं घर मध्य आशियात, तिएन शान आणि पामीरच्या डोंगरउतारांवर. तिथे हिवाळा कडक. बर्फ वितळलं की थोडे दिवस भरपूर ओल, आणि मग कोरडा ठणठणीत उन्हाळा. ट्यूलिपनं आपलं वर्ष या हवामानाला बेतून घेतलं आहे. वसंतात घाईघाईनं पानं, फूल, बी सगळं उरकायचं आणि उन्हाळाभर जमिनीखाली कंदाच्या रूपात झोपून राहायचं. या झोपेत त्याला पाणी चालत नाही. जमीन चिंब राहिली की मातीतली हवा जाते, बुरशी शिरते आणि कंद सडतो.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपला कांदा हाही कंदच. रब्बीचा कांदा काढून, सुकवून, पावसाआधी चाळीत का भरतात? चाळ जमिनीपासून उचललेली का असते, तिला फटी का ठेवतात? कारण तेच. आणि आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वापसा. माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही, मुळांना ओल मिळते आणि हवाही, ती अवस्था. आजच्या सगळ्या गोष्टीचं सार या एका शब्दात आहे.

आता पहिलं ठिकाण, काश्मीर. 1620च्या वसंतात जहांगीर बादशहा तिथे होता. त्यानं आपल्या आठवणींत एक गंमत नोंदवली आहे. काश्मिरातली घरं लाकडी, छपरांवर मातीचा थर, आणि त्या मातीत लोक 'लाला'चे, म्हणजे ट्यूलिपचे कंद लावतात. दर वसंतात छपरं फुलतात. त्या वर्षी मुख्य मशिदीच्या छपरावरही फुलं चांगली आली होती, असं तो लिहितो. ही रीत फक्त काश्मीरची, असंही तो म्हणतो.

बादशहाला ते सौंदर्य दिसलं. आपण जरा माळ्याच्या नजरेनं बघू. खोऱ्यात सरोवरं, कालवे, पाणथळ जमीन. छप्पर उतरतं. मातीच्या थराखाली भूर्जपत्राचा, म्हणजे भोजपत्राच्या सालीचा पदर, त्यामुळे पाणी घरात न शिरता निथळून जातं. बर्फ वितळताना कंदाला ओल मिळते आणि उन्हाळ्यात तो पातळ थर तापून कोरडा होतो. म्हणजे खोऱ्यातल्या लोकांनी घरावरच डोंगराचा एक छोटा उतार तयार केला होता. पुढे पत्र्याची छपरं आली आणि ही फुलं बहुतेक ठिकाणांहून गेली.

आता हॉलंड. इथे माणसांनी अगदी उलटी वाट धरली. कंद वर न्यायचा नाही, पाणी खाली न्यायचं.

1593मध्ये कॅरोलस क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ लायडेन विद्यापीठाच्या बागेची जबाबदारी घ्यायला आला. त्याआधी व्हिएन्नाच्या दरबारी त्यानं बाग सांभाळली होती आणि तुर्कस्तानाकडून येणारे कंद हाताळले होते. 1594च्या वसंतात लायडेनमध्ये त्याचे ट्यूलिप फुलले. ट्यूलिप युरोपात त्याआधीही होता. 1559मध्येच कॉनराड गेस्नरनं आउग्सबुर्गमधल्या एका बागेत तो पाहिला होता. पण डच ट्यूलिपची कहाणी साधारण क्लुसियसपासून सांगतात. त्याच्या बागेतून कंद चोरीला जायचे, यावरून त्यांचा भाव कळतो.

पण देश बघा कसा. आतल्या भागात काळी दलदल आणि चिकणमाती; बराच प्रदेश समुद्रसपाटीच्या खाली. तिथे कंद तग धरायचे नाहीत. मग जागा कुठली सापडली? हार्लेमच्या आसपास, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांच्या पाठीमागची चिंचोळी पट्टी. वाळू असल्यामुळे निचरा उत्तम. खाली भूजल जवळ, त्यामुळे ओलही कायम. त्यात शेणखत घातलं की झालं.

पुढे ही पट्टी माणसांनी मुद्दाम रुंद केली. शहरं वाढत होती, बांधकामाला भराव हवा होता. मजुरांनी टेकड्या फावड्यानं खणल्या, वाळू होड्यांतून शहरांकडे गेली आणि खाली उरलेली सपाट जमीन कंदांच्या शेतीला आली. 19व्या शतकात हे मोठ्या प्रमाणावर झालं. चरांचं जाळं काढलं आणि चरांतलं पाणी शेताच्या पातळीखाली साधारण 55 ते 60 सेंटिमीटरवर ठरवून ठेवलं. त्याहून वर आलं तर कंद कुजतो, खाली गेलं तर वाळू सुकते. म्हणजे या लोकांनी वापसा बारा महिने धरून ठेवला! आज वसंतात तिथे जे रंगीत पट्टे दिसतात, ते नाहीशा झालेल्या टेकड्यांच्या तळावर उभे आहेत.

एवढं करूनही उन्हाळ्यात कंद जमिनीत ठेवायची सोय नव्हती. फूल सरलं की जून-जुलैच्या सुमारास कंद उपटायचे, वाळवायचे, शरद ऋतूत पुन्हा लावायचे. आणि इथे एक गोष्ट जी आपण नुसत्या हव्यासाची म्हणून ऐकतो, ती वेगळी दिसायला लागते. 1636-37च्या हिवाळ्यातला ट्यूलिपचा सट्टा. कंद हातात असायचा तो उन्हाळ्यातले काही महिने. हिवाळ्यात तो मातीत. पण व्यवहार चालूच. मग विकायचं काय? वचन. मौल्यवान कंद वजनावर विकले जायचे, आणि मातीतल्या कंदाचं वजन कोण सांगणार? डच लोक या धंद्याला 'वाऱ्याचा व्यापार' म्हणत. फेब्रुवारी 1637च्या सुरुवातीला हार्लेमला गिऱ्हाईक फिरेना आणि भाव कोसळले. त्यात सगळा देश बुडाला ही दंतकथा आहे. इतिहासकार अ‍ॅन गोल्डगार यांनी दफ्तरं तपासून ते दाखवलं आहे. हव्यास होताच. पण त्याला मोकळं रान दिलं कंदाच्या वेळापत्रकानं.

तिसरी वाट इंग्लंडची. थेम्सच्या काठी क्रिकलेड गावाजवळ नॉर्थ मेडो नावाचं कुरण आहे. हिवाळ्यात ते पुराखाली जातं, आणि तिथेच एप्रिलमध्ये फ्रिटिलरीची चौकटीचौकटींची जांभळी फुलं हजारोंनी डुलतात. हा कंद ओलीचाच. इथे ना छप्पर, ना पंप. लोकांनी फक्त शिस्त पाळली. बी गळेपर्यंत गवत कापायचं नाही, साधारण जुलैत कापणी, आणि गुरं सोडायची 12 ऑगस्टनंतर. ही गावकीची जुनी वहिवाट आहे. तिच्यामुळे कुरण नांगराखाली गेलं नाही. आता धोका वेगळा आहे. पूर अवेळी येऊन पाणी तुंबून राहिलं, तर ओलीला सरावलेला हा कंदही हरतो.

तर तीन वाटा झाल्या. कंद उचलायचा, पाणी उतरवायचं, किंवा जमिनीला मानवेल तोच कंद निवडायचा. पहिलीला घराच्या छपराएवढी जागा पुरली. दुसरीनं देशाला व्यापार दिला, पण टेकड्या घेतल्या. तिसरीला संयम लागतो, आणि तो एका माणसाचा असून भागत नाही, गावाचा लागतो.

शेवटी एवढंच सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळ जण एप्रिलमध्ये श्रीनगरला ट्यूलिप बघायला जाऊन आला असाल. ती बाग दल सरोवराजवळ आहे, पण सरोवराच्या पातळीवर नाही. झबरवानच्या पायथ्याशी, उतारावर, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली आहे. कंद मात्र हॉलंडहून आणलेले. डोंगरावरून निघालेलं फूल पाण्याच्या देशात चार शतकं काढून पुन्हा उतारावर आलंय. पुढच्या वेळी गेलात तर फुलांचे फोटो काढाच, पण जरा खाली वाकून पाणी कुठून कुठे निथळतं तेही बघा. बागेचा खरा इतिहास तिथे असतो.