रक्तातले एक अक्षर

परवा दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरच्या पेटीत माझी १९७४ सालची रोजनिशी सापडली. तेव्हा मी विदर्भातल्या एका खेड्यात मास्तर होतो. एका पानावर लिहिले होते, "आजही तो हातपाय दुखतात म्हणून आला नाही. आळशी कार्टा!" थंडी पडू लागली की त्या मुलाचे सांधे ठणकत, डोळे पिवळट दिसत, आणि तो वर्गात आला की मी त्याला बाकावर उभा करी. ते पान वाचले नि तोंडातला लाडू कडू झाला.

ते दुखणे सिकलसेलचे असावे, हे मला फार उशिरा उमगले. त्याचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. निरोगी तांबडी पेशी वाटोळी नि लवचिक. ही वाकडी नि ताठर. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकली की जो ठणका उठतो, तो सोसणाऱ्यालाच ठाऊक. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी सांगितले, की त्या प्रथिनाच्या माळेत एकच मणी बदललेला आहे. जनुकाच्या लिपीत एक अक्षर चुकले, की जन्माचे दुखणे!

आपल्याकडे १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला. १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. म्हणजे मी "आळशी" लिहिले, तेव्हा ही विद्या छापून सोळा वर्षे झाली होती. शिकागोहून ती निलगिरीला पोचली. माझ्या शाळेपर्यंतची वाट मात्र तिला लांब पडली.

आज जनुकांत बदल करून इलाज करणारे उपचारही निघाले आहेत. त्यांतल्या एकाला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. किंमत बावीस लाख डॉलर! आपल्या खेड्याला त्याचे काय? पण त्याच ज्ञानाचे स्वस्त रूपही आहे: बोटातून काढलेला रक्ताचा थेंब, हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि वेळेवर दिलेला सल्ला. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरवले.

एक गोष्ट मात्र घरोघर सांगायला हवी. ज्याला हे जनुक एकाच पालकाकडून मिळते, तो वाहक. तो सहसा आजारी नसतो. उलट, अशा माणसाला मलेरियाचा घातक हल्ला कमी होतो, हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी पत्रिका पाहता, तसे रक्तही पाहावे. पण वाहक निघाली म्हणून पोरीला नाव ठेवू नये. "आळशी" हा शिक्का मी मारला, तो पुरे झाला.

तो मुलगा त्याच वर्षी शाळा सोडून गेला. पुढे भेट नाही. रोजनिशीतला तो शब्द मी खोडला नाही. त्याखाली आजाराचे नाव तेवढे लिहून ठेवले.