रस्त्याकडेची झाडे बदलताना रहिवाशांचे म्हणणे का हवे?

केडगाव (ता. दौंड) - रस्त्याकडेचे मोठे झाड तोडायला एक दुपार पुरते. त्याच्या जागी लावलेल्या रोपाची सावली पडायला मात्र पंधरा-वीस वर्षे जावी लागतात. म्हणूनच जुनी झाडे काढून नवी लावण्याचा निर्णय केवळ कार्यालयीन न राहता तेथे राहणाऱ्यांचाही असायला हवा. कायद्याने त्यासाठी काही वाटा ठेवल्या आहेत. मात्र शहरातील वाट आणि गावातील वाट एक नाही.

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. येथे झाड आपोआप वाढत नाही, ते वाढवावे लागते. पंडिता रमाबाई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे जमीन घेऊन फळबाग उभी केली आणि त्याच जागेवर मुक्ती मिशनचे काम बहरले. आता स्टेशन परिसर आणि पुणे-सोलापूर महामार्गावरील चौफुला यांच्या आसपास वस्ती वाढत आहे. वस्ती वाढली की रस्ता रुंद होतो, गटारे बांधली जातात, विजेच्या तारा ओढल्या जातात आणि पहिला घाव कडेच्या झाडांवर पडतो.

शहरासाठी एक कायदा, गावासाठी दुसरा

महापालिका व नगरपालिका क्षेत्रांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे जतन व संरक्षण अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड तोडण्याचा अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने जागेवर पाहणी करावी, स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी आणि झाडावरही नोटीस लावावी, अशी त्यात तरतूद आहे. ही नोटीस वाचून कोणताही नागरिक हरकत घेऊ शकतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'वारसा वृक्ष' म्हणून स्थान मिळाले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आले. नाशिकच्या तपोवनातील सुमारे १,८०० झाडांबाबत २०२५ मध्ये नोटीस निघाली, तेव्हा नागरिकांनी मोठ्या संख्येने नोंदविलेल्या हरकतींना याच तरतुदीचा आधार होता.

ग्रामपंचायत हद्दीत मात्र हा कायदा आपोआप लागू होत नाही. तेथे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ आहे. त्याची भिस्त अनुसूचीतील झाडांवर आहे. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, चंदन ही त्यातली काही. शहरासारखी झाडावर नोटीस लावून हरकती मागविण्याची पद्धत येथे नाही. त्यामुळे गावकऱ्यांचे खरे व्यासपीठ म्हणजे ग्रामसभा. आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या किमान चार बैठका घेणे बंधनकारक आहे. रस्त्याच्या कडेला झाडे लावणे व त्यांची निगा राखणे हा ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीतीलच विषय आहे. मात्र रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल, तर ग्रामसभेचा ठराव त्या कार्यालयाकडेही वेळेत पोहोचवावा लागतो.

विचारणे आणि ऐकणे

केवळ मत मागविल्याने प्रश्न सुटत नाही, हे इंग्लंडमधील शेफिल्ड शहराने दाखवून दिले. तेथील परिषदेने २०१२ मध्ये रस्तेदुरुस्तीचा २५ वर्षांचा करार केला. त्यात १७,५०० झाडे बदलण्याची तरतूद होती. विरोध वाढल्यावर घरोघरी मतचाचणी झाली, स्वतंत्र वृक्ष समितीही नेमली गेली. परंतु समितीने वाचवावीत असे सुचविलेल्या बहुतांश झाडांबाबत तिचा सल्ला डावलण्यात आला. आंदोलने आणि अटकसत्रानंतर मार्च २०१८ मध्ये तोड थांबली. सर मार्क लोकॉक यांच्या चौकशी अहवालाने २०२३ मध्ये परिषदेच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. लोकांना विचारून त्यांचे न ऐकणे हे न विचारण्यापेक्षाही महाग पडते, हाच त्याचा धडा.

कोणते झाड काढावे, कोणते लावावे?

वाळलेले, आतून पोखरलेले किंवा मुळांची पकड सुटलेले झाड काढणे सुरक्षिततेसाठी आवश्यकच असते. पण गटारात मूळ शिरले, फांदी तारेला लागली किंवा पाने पडून कचरा होतो, ही झाड तोडण्याची कारणे ठरत नाहीत. अशा वेळी योग्य छाटणी किंवा गटाराची दुरुस्ती हाच उपाय असतो. झाडांची संपूर्ण रांग एकदम न काढता टप्प्याटप्प्याने बदलल्यास रस्ता उघडा पडत नाही.

नव्या झाडांची निवड करताना एकाच जातीचा हट्ट टाळावा. मुंबईत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने शेकडो वर्षावृक्ष वाळले, हे उदाहरण ताजे आहे. एका जातीची झाडे दहा टक्क्यांहून अधिक नसावीत, असा निकष अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये मांडला होता. दौंडसारख्या कोरड्या भागात रुंद रस्त्यांसाठी कडुनिंब, करंज व चिंच उपयुक्त ठरतात. तारांखाली कांचन, आपटा यांसारखी आटोपशीर झाडे बरी. वड, पिंपळ व उंबर यांना मोकळे मैदान किंवा देवळाचे आवार हवे. गुलमोहर दिसायला देखणा असला, तरी वादळात तो लवकर मोडतो.

ठरावात काय असावे?

ग्रामसभेत 'झाडे लावावीत' एवढेच म्हणणे पुरेसे नाही. कोणते झाड कोणत्या कारणाने काढायचे, त्याच्या जागी कोणते आणि केव्हा लावायचे, पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार आणि रोप जळाल्यास ते पुन्हा कोण लावणार, हे ठरावात स्पष्ट लिहावे. बुंध्याभोवती काँक्रीट होणार नाही, हेही नमूद करावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर त्रिज्येतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणासाठी.

राज्यात २०१६ ते २०१९ या काळात कोट्यवधी रोपे लावण्याच्या मोहिमा झाल्या. खड्डे मोजणे सोपे असते. तीन वर्षांनी उभी असलेली झाडे मोजणे अवघड. ज्यांच्या दारासमोर ती उभी राहायची आहेत, त्यांना सुरुवातीलाच विचारले, तर ते मोजमाप करायला आणि उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालायला माणसे आपसूक मिळतात.