नमाज बघणाऱ्याला आत कोणी घेतलं?

पेट पास झालात, कोर्सवर्क सुरू आहे आणि आता सिनॉप्सिस लिहायला बसला आहात. विषय कसा निवडायचा हे सगळेच सांगतात. ‘हा विषय तुम्हीच का करायचा?’ हा प्रश्न मात्र थेट आरआरसीच्या टेबलावर समोर येतो. माझ्यासमोर आला तेव्हा मी गडबडले होते, म्हणून ही पोस्ट.

माझा विषय असा: दख्खनमधल्या आणि इतर मुसलमानांच्या उपासनेबद्दल ख्रिस्ती माणसांनी गेल्या दोनशे वर्षांत काय लिहून ठेवलं, आणि ते लिहिताना त्यांनी काय पाहिलं. समितीतल्या एका सरांनी माझं आडनाव वाचलं, फाइल मिटली आणि म्हणाले, “तुम्ही ख्रिश्चन. नमाजेवर लिहिणार. मुसलमान म्हणतील हिला काय कळतं, आणि चर्चवाले म्हणतील ही तिकडं कशाला गेली.” मी वस्तुनिष्ठता, संशोधकाचं अंतर वगैरे बोलले. विषय मंजूर झाला. पण उत्तर पोकळ होतं हे मला तिथेच कळलं होतं. वस्तुनिष्ठ अंतरावरून माणूस रांगेतलं उठणं-बसणं मोजू शकतो. प्रार्थना कशी मोजणार?

त्यामुळे पहिलं वर्ष मी एकच गोष्ट केली. प्रत्येक जुन्या लेखकाला एक साधा प्रश्न विचारला: बाबा रे, तुला आत कोणी घेतलं? सोर्समध्ये बघणारा एकटा कधीच नसतो. त्याला दार उघडून देणारा एक मुसलमान प्रत्येक ठिकाणी असतो, फक्त त्याचं नाव कधी छापलेलं असतं, कधी नसतं.

अगदी जुनं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. 1579 साली गोव्याहून तीन जेझुइट पाद्री अकबराच्या बोलावण्यावरून निघाले आणि 1580 मध्ये फतेपूर सिक्रीला पोचले. अक्वाविवा, मोन्सेरात ही नावं पुस्तकात ठळक असतात. तिसरा हेन्रिकेश हा होर्मुझचा, मुसलमान घरात जन्मून ख्रिस्ती झालेला, आणि तो नेला होता दुभाषा म्हणून. दरबारातल्या सगळ्या धर्मचर्चा सुरुवातीला त्याच्या तोंडून गेल्या. त्याच्यावर कोणी प्रबंध लिहिला तर मी पहिली वाचक.

पुढचा हेन्री मार्टिन. हा ईस्ट इंडिया कंपनीचा चॅप्लेन, म्हणजे पगारी पाद्री. 1806 साली कलकत्त्याला उतरला, दानापूर आणि कानपूरला राहिला, नव्या कराराचं हिंदुस्थानी भाषांतर केलं. 1811 च्या सुरुवातीला तो जहाजाने मुंबईला आला. त्याच जहाजावर पुण्याला रेसिडेंट म्हणून निघालेला एल्फिन्स्टन होता, आपल्या पाठ्यपुस्तकातला तोच. मुंबईहून मार्टिन इराणला गेला आणि शिराझला वर्षभराला थोडे कमी दिवस राहिला. राहायला घर जाफर अली खानांचं, आणि फारसी भाषांतराला सोबत त्यांचे मेहुणे मिर्झा सय्यद अली. जेवण, झोप, काम सगळं मुसलमान घरात. पण मार्टिन तिथे पटवून द्यायला गेला होता, त्याने ते लपवलंही नाही, आणि शिराझच्या विद्वानांशी त्याचे लेखी वाद झाले. वादाला बसलेल्या माणसाला समोरच्याचं म्हणणं नीट ऐकू येतं, कारण खोडायचं असतं. समोरचा उठून वुजू करायला गेला की वाद थांबतो, आणि बहुतेक वेळा टिपणही थांबतं. मार्टिन 1812 साली परतीच्या वाटेवर तोकातला वारला. वय 31.

तिसरा माणूस एडवर्ड लेन. तो हिंदुस्थानातला नाही, तरी त्याला टाळून चालत नाही, कारण फील्डवर्कवर बोलणारा कोणीतरी त्याचं नाव काढतोच. 1836 साली त्याचं आधुनिक इजिप्तच्या लोकांवरचं पुस्तक आलं. कैरोत तो तुर्की वेषात, तिथलं नाव घेऊन राहत असे. ओळखीच्या एका शेखच्या शेजारी मशिदीत उभा राहून नमाजेच्या सगळ्या क्रिया त्याने केल्या. विश्वास नव्हता, क्रिया होती. एडवर्ड सईदने 1978 मध्ये ‘ओरिएंटॅलिझम’मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं: सोबत बसलेल्या माणसाला फसवून मिळवलेली माहिती वाचकाला मात्र विश्वासार्ह म्हणून दिली. मला सईदचं सगळं पटतं असं नाही. लेनने केलेलं नमाजेचं वर्णन आजही अतिशय अचूक आहे. पण अचूक असणं आणि प्रामाणिक असणं ह्या दोन गोष्टी आहेत, आणि तुमच्या एथिक्सच्या पेपरात त्या एकाच उत्तरात कोंबू नका.

उलट्या बाजूचं एक उदाहरण इथेच सांगून टाकते. शार्ल द फुको हा फ्रेंच सैन्यातून बाहेर पडलेला तरुण 1883-84 मध्ये ज्यू वेषात मोरोक्को फिरला. श्रद्धा केव्हाच सुटलेली होती. तिथल्या लोकांचं देवासमोर रोज उभं राहणं बघून तो हलला, हे त्याने पुढे स्वतः लिहिलं. झालं काय, तर तो मुसलमान झाला नाही. 1886 मध्ये स्वतःच्या चर्चमध्ये परत गेला. बघण्याने बघणाऱ्याचं काय होईल याचा अंदाज सिनॉप्सिसच्या ‘अपेक्षित निष्कर्ष’ रकान्यात लिहिता येत नाही.

आता माझ्या प्रबंधाचा मुख्य सोर्स. 1832 साली लंडनला ‘कानून-ए-इस्लाम’ नावाचं पुस्तक निघालं. हिंदुस्थानातल्या मुसलमानांचे जन्मापासून मरणापर्यंतचे रीतिरिवाज, असा त्याचा पसारा. मद्रास इलाख्याच्या सेवेतला सर्जन डॉ. जी. ए. हर्क्लॉट्स याने ते इंग्रजीत आणलं. पण मुखपृष्ठावर लेखक म्हणून नाव दुसऱ्याचं आहे: जाफर शरीफ, दख्खनचा रहिवासी. हर्क्लॉट्सच्या देखरेखीखाली रचलेलं आणि त्यानेच भाषांतर केलेलं, असं स्पष्ट छापलं आहे. त्या काळाचा विचार करा. ज्या वर्षी हे पुस्तक निघालं त्या वर्षी आपल्या हिंगोलीत निजामाच्या फौजेची छावणी होती. छावणीतल्या साहेबांना शिपायांचे सण, रोजे, सुट्ट्या समजून घ्यायची गरज होती, आणि असली पुस्तकं त्या गरजेतूनच विकली जात. तरीही दार उघडणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर येणं ही तेव्हा रोजची गोष्ट नव्हती.

पुस्तकात मला काय आवडतं सांगू? नमाज एकटी येत नाही. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज हे पाच आधार सांगितले आहेत, पाच वेळा आणि रकाती आहेत. पण त्याच पुस्तकात मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की होणारी बिस्मिल्ला आहे, लग्नातली हळद आहे, मोहरमचे पंजे आहेत, उरूस आहेत, आणि ताईत-उतारे तर पानंच्या पानं. फिकहच्या ग्रंथात नमाजेच्या शेजारी ताईत सापडणार नाही. दख्खनच्या घरात तो शेजारच्याच खुंटीला असतो. हे फक्त घरातला माणूस सांगू शकतो.

एक सावधगिरी, इथे बरेच जण फसतात. ग्रंथालयात तुम्हाला मिळेल ती बहुधा 1921 ची ऑक्सफर्ड आवृत्ती. ती विल्यम क्रूक या निवृत्त आयसीएस अधिकाऱ्याने संपादित केली आहे. त्याने प्रकरणांचा क्रम बदलला आणि उत्तर हिंदुस्थानातली बरीच भर घातली. वाचायला ती सोपी आहे. पण एखादं वाक्य जाफर शरीफचं, हर्क्लॉट्सचं की क्रूकचं, हे तिच्यात पटकन कळत नाही, आणि ‘जाफर शरीफ म्हणतो’ असं लिहून तुम्ही प्रत्यक्षात क्रूकला उद्धृत करून बसता. मी बसले होते. गाइडनी पेन्सिलने फक्त ‘कोण?’ असं लिहिलं होतं. तेव्हापासून 1832 ची प्रत उघडून ताडून बघितल्याशिवाय मी वाक्य घेत नाही. ती प्रत इंटरनेटवर आहे, पण आजच्या स्पेलिंगने शोधाल तर हाती लागणार नाही. त्या काळी ‘ऊ’साठी दोन ‘ओ’ आणि ‘ई’साठी दोन ‘ई’ लिहीत. तसं शोधा.

आणि तरी जाफर शरीफची पण एक मर्यादा आहेच. प्रश्न हर्क्लॉट्सचे होते. साहेबाने रकाती विचारल्या तर रकाती सांगितल्या. नमाज संपल्यावर माणूस हात पसरून आपल्या भाषेत काय मागतो, हे विचारल्याचं दिसत नाही. नमाजेचं रूप ठरलेलं असतं, म्हणून ते टिपता येतं. दुआ प्रत्येकाची वेगळी.

तिथपर्यंत पोचली ती एक बाई. कॉन्स्टन्स पॅडविक ही इंग्लिश मिशनरी, आयुष्याचा मोठा भाग तिने इजिप्त, पॅलेस्टाइन, सुदान इकडे काढला. योगायोग असा की हेन्री मार्टिनचं चरित्रही तिनेच लिहिलं होतं. तिने मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या बाहेर मिळणाऱ्या स्वस्तातल्या दुआंच्या पुस्तिका गोळा केल्या, ज्या कुठल्याही विद्यापीठाने जपून ठेवल्या नसत्या, आणि 1961 साली त्यांवर ‘मुस्लिम डिव्होशन्स’ हे पुस्तक काढलं. त्याची मांडणी नमाजेच्या क्रमाने चालते. ती मशिदीत वेष बदलून गेली नाही, कुणाला वादात गाठलं नाही. चार पैसे देऊन पुस्तिका विकत घेतली आणि वाचली. मिशनरी असूनही या पुस्तकात तिने खंडन केलेलं नाही. चारच वर्षांनी, 28 ऑक्टोबर 1965 रोजी, व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात मुसलमानांच्या प्रार्थना, दान आणि उपवासांचा आदराने उल्लेख केला. आम्ही कॅथलिक नाही, त्यामुळे आमच्या घरी त्याची बातमी कोणी सांगितली नसणार.

हिंगोलीच्या विद्यार्थ्याला या सगळ्याचं ग्रंथालय कुठे? फार लांब नाही. मार्टिनच्या नावाची संस्था 1930 मध्ये लाहोरला निघाली, मुसलमानांत काम करणारे मिशनरी तयार करायला. अलीगढ, जबलपूर, लखनौ करत ती 1971 मध्ये हैदराबादला आली, आणि वाटेत तिचा हेतूच बदलला. आता तिथे आंतरधर्मीय संबंध आणि सलोख्यावर काम चालतं. पूर्णेला गाडी बदलून जाता येतं. डबा सोबत न्या.

राहिला तो आरआरसीचा प्रश्न.

आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून एक खाला राहतात. मी फील्डवर्कची परवानगी मागायला गेले तेव्हा त्या हसल्या. लहानपणापासून त्यांच्या ओट्यावर खेळलेली पोरगी फॉर्मवर सही मागते म्हणून. पहिल्या दिवशी असरच्या वेळी बसले. मोरीत वुजू, डोक्यावरून ओढणी, जानमाज. गुडघे गेलेत म्हणून खुर्चीवरच नमाज, सजदा वाकून. मी पण डोक्यावर ओढणी घेतली होती, सवयीने, आमच्या चर्चमध्ये बायका पदर घेतात तशी. त्या म्हणाल्या, “तुमच्यात बी घेतात की गं.” चपला दाराबाहेर, सतरंजीवर बसणं, डोकं झाकणं: आजीसोबत उपासना संगीताचं पुस्तक घेऊन जायचे तेव्हाचं सगळं हेच होतं. माझ्या टिपणात ही ओळ आहे आणि तिच्यापुढे मी ‘तुलना नको’ असं लिहून ठेवलं आहे.

मग तस्बीह झाली आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. अर्ध्या आवाजात, आपल्या दखनीत, त्या मागायला लागल्या. माझं पेन चालू होतं. मध्येच थांबून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तू बी हाथ उठा बेटी. बैठी क्या लिखती.”

मी हात उचलले. दुसरं काही सुचेना म्हणून मनात प्रभूची प्रार्थना म्हटली, मराठीतच.

ही माझी लेनसारखी नक्कल होती का, फुकोसारखं काही होतं का, मला ठरवता आलेलं नाही, आणि प्रबंधात मी तसं लिहिलं आहे. घरी सांगितलं तेव्हा आई बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग विचारलं, “काय मागितलंस?” एवढंच. आरआरसीत मी आता उत्तर दिलं असतं ते हेच, की मला आत घेणारं माणूस आहे, तिला माहीत आहे मी कोण आहे, आणि मी काय लिहिलं ते मी तिला वाचून दाखवणार आहे.

तसं वाचून दाखवलं. आधी सुन्नतच्या चार आणि मग फर्जच्या चार रकाती होत्या, मी सरसकट आठ लिहून ठेवल्या होत्या. त्यांनी ते दुरुस्त करून घेतलं, खुर्चीबद्दलचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. दुआच्या पानावर आले तेव्हा हात वर करून थांबवलं. “वो काट दे. वो मेरे और अल्ला के बीच का है.” गाइडना ते पान माझ्या सगळ्या फील्डनोट्समधलं सर्वांत चांगलं वाटलं होतं, मलाही. पाचव्या प्रकरणात आता त्या जागी ‘नमाजेनंतर दुआ’ एवढेच दोन शब्द आहेत. वहीतलं पान मी फाडून त्यांच्या हातात दिलं. मला वाटलं त्या चुरगळून टाकतील. त्यांनी विचारलं यावर अल्लाचं नाव आहे ना, मी हो म्हणाले, तर म्हणाल्या मग फेकायचं नाही, आणि घडी घालून ते वरच्या फळीवर, कुरआनच्या कापडी बस्त्याशेजारी ठेवलं.