होमब्रूइंगचं डीआयवाय यंत्र: महाराष्ट्रात काय चालतं, काय नाही, आणि घरी बनवा फर्मेंटेशन बॉक्स

यूट्यूबवर 'होमब्रूइंग' सर्च केलं की परदेशातले लोक गॅरेजमध्ये स्टीलची भांडी, पाइप, सेन्सर जोडून घरच्या घरी बिअर बनवताना दिसतात. जुगाड बघून आपल्यालाही हात शिवशिवतात. मी इथे सोलापुरात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि गच्चीवरच्या खोलीत छोटं वर्कशॉप आहे. तिथे यातलं काय बनवता येईल, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर दोन भागांत आहे: आधी कायदा, मग यंत्र.

आधी कायदा समजून घ्या

अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरगुती वापरासाठी बिअर बनवायला केंद्रीय पातळीवर सूट मिळाली. तिथले व्हिडिओ त्या सुटीवर चालतात. पण घरी दारू गाळायला तिथेही परवानगी नाही.

आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहेच. शिवाय कलम ६५ नुसार दारू बनवण्यासाठी भट्टी, भांडी किंवा कोणतंही उपकरण जवळ ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे. म्हणजे 'मी फक्त मशीन बनवलं, दारू नाही' हा बचाव चालत नाही. पुण्यात डूलॅली किंवा मूनशाइन मीडरी यांनी हेच काम परवाना घेऊन केलं.

दुसरा मुद्दा जिवाचा. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. ते दिसायला साध्या दारूसारखंच असतं, डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यामुळे साखर आणि यीस्टचे प्रयोग, भट्टी, गाळणं हे सगळं इथेच सोडा.

मग उरतं काय? सगळ्यात कामाचा भाग

होमब्रूअरच्या सेटअपमधला मेंदू असतो तापमान सांभाळणारा डबा. तो डबा दारूचा नाही, आंबवण्याचा आहे. आत दही ठेवा नाहीतर इडलीचं पीठ, काम तेच.

सोलापुरात याची खरी गरज आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, दही दुपारपर्यंत आंबट ढाण. थंडीत उलटं, सकाळी बघावं तर दूध जसंच्या तसं. आजी पातेल्याला सोलापुरी चादर गुंडाळून ठेवते, ते इन्सुलेशनच आहे. आपण त्याला फक्त थर्मोस्टॅट जोडणार आहोत.

कुठल्या पदार्थाला किती तापमान?

- घट्ट दही: ४० ते ४२ अंश. ५० च्या वर गेलं तर विरजणातले जिवाणू मरायला लागतात.
- इडली-डोशाचं पीठ: २८ ते ३२ अंश. यातला ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याने पीठ फुगतं.

सामान

- ३ सेंटिमीटर जाड थर्माकोलचा झाकणाचा डबा, साधारण ४० × ३० × ३० सेंटिमीटर
- डब्ल्यू १२०९ थर्मोस्टॅट मॉड्यूल, सेन्सरसह
- १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर (एलईडी पट्टीला वापरतात तो)
- मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डरसह
- कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा जुना पंखा
- ३ अँपिअरचा फ्यूज आणि ७२ अंशांचा थर्मल फ्यूज (कुकर-इस्त्री दुरुस्तीवाल्याकडे मिळतो)

मुद्दाम सगळं १२ व्होल्टचं घेतलंय. दूध, पाणी, वाफ असलेल्या डब्यात २३० व्होल्टची वायर न्यायची नाही. अडॅप्टर बाहेरच राहील.

२१ वॅट पुरतील का?

या मापाच्या डब्यातून आत-बाहेर दर एक अंशाच्या फरकाला साधारण पाऊण वॅट उष्णता बाहेर जाते. आत ४२ आणि खोलीत १८ अंश असतील तर फरक २४, म्हणजे सुमारे १८ वॅट. २१ वॅट पुरतात, पण जेमतेम. म्हणून दूध कोमट करूनच आत ठेवा. दोन लिटर गार दूध २५ वरून ४२ ला न्यायचं म्हटलं, तर काहीच उष्णता वाया गेली नाही असं धरूनही जवळपास दोन तास लागतील.

जोडणी

१. अडॅप्टरची प्लस वायर आधी ३ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या. तिथून एक फाटा मॉड्यूलच्या १२ व्होल्टला आणि एक के-० ला.
२. के-१ मधून वायर थर्मल फ्यूजला, तिथून बल्बला. बल्बची दुसरी वायर मायनसला.
३. पंखा थेट प्लस-मायनसला. तो सतत चालू राहील, म्हणजे आतली हवा सगळीकडे सारखी.
४. बल्बवर भोकं पाडलेला पत्र्याचा डबा ठेवा, थर्माकोलपासून चार बोटं लांब. थर्माकोल उष्णतेने वितळतो आणि पेटतोही.
५. थर्मल फ्यूज त्या पत्र्याच्या डब्याबाहेर, हवेत. त्याला सोल्डर करू नका, सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडतो. स्क्रूचा कनेक्टर वापरा.

थर्मल फ्यूज का? रिलेचे पॉइंट कधीकधी चिकटतात. मग मॉड्यूलने 'बंद' सांगितलं तरी बल्ब चालूच राहतो. रात्रभर चालणाऱ्या डब्यात हा एवढासा भाग गाळू नका.

सेटिंग

पी-० मध्ये 'एच' म्हणजे गरम करणे. तापमान ४२, पी-१ ला २. आता बल्ब ४२ ला बंद होईल आणि ४० ला पुन्हा लागेल. मधल्या या फरकाला हिस्टेरेसिस म्हणतात. तो फार कमी ठेवला तर रिले सारखा टकटक करतो आणि लवकर खराब होतो.

सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. पातेल्याला बाहेरून टेपने चिकटवा आणि वर थर्माकोलचा तुकडा लावा. आपल्याला दुधाचं तापमान हवंय, हवेचं नाही. वितळत्या बर्फाच्या पाण्यात सेन्सर बुडवून शून्य दाखवतो का ते बघा. फरक आला तर पी-४ मध्ये दुरुस्त करा.

उन्हाळ्यासाठी

इथे होमब्रूअर लोकांची 'सन ऑफ फर्मेंटेशन चिलर' नावाची जुनी डिझाइन कामी येते. डब्यात थर्माकोलचा आडपडदा घाला. एका कप्प्यात फ्रीझरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली, दुसऱ्यात पीठ. पडद्याला दोन भोकं पाडा. एकात पंखा बसवा, दुसऱ्यातून हवा परत येईल. पी-० ला 'सी' करा, बल्ब काढा आणि के-१ ला त्याच्या जागी पंखा जोडा. तापमान वाढलं की पंखा गार हवा ओढतो.

एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. बाहेर ३८ आणि आत ३० अंश असतील तर हिशोबाने तो पंधरा तास पुरतो. झाकणाच्या फटी आणि पीठ स्वतः थंड व्हायला लागणारा बर्फ धरला तर रात्रभर पुरेल असं समजा.

शेवटचे तीन नियम

- आंबणाऱ्या पदार्थाचं झाकण घट्ट लावू नका. गॅसच्या दाबाने काचेची बरणी फुटू शकते. भांडं अर्धं रिकामं ठेवा.
- गुलाबी रंग, बुरशी किंवा घाण वास आला तर चव बघू नका, टाकून द्या.
- पहिल्यांदा नुसतं पाणी ठेवून दिवसा, डोळ्यांसमोर चार तास चालवा. मध्ये प्लग काढून परत लावा. लाइट जाऊन आली तरी सेटिंग टिकते का, ते कळेल.

फोनवर ग्राफ हवा असेल तर नोडएमसीयू आणि डीएस१८बी२० सेन्सर वेगळा लावा. पण त्याच्याकडे फक्त वाचायचं काम द्या. बल्ब चालू-बंद करणं थर्मोस्टॅटकडेच राहू द्या, म्हणजे वाय-फाय गेलं तरी दही लागेलच.