धार कोणाच्या हातची?

तळवली हे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर या पट्ट्यातील गावांचे जीवन मुळापासून बदलले. शेतजमिनी गेल्या आणि शेतीवर उभा असलेला बलुत्याचा व्यवहारही सरला. आज येथे सुतारकाम शिकू पाहणाऱ्या तरुणाला पटाशी आणि रंध्याचे पाते पाजवण्यासाठी कोणती साधने घ्यावीत, हे ठरवावे लागते. प्रश्न साधा आहे, परंतु त्यामागे विद्या कोणाला मिळाली आणि कोणाला नाकारली गेली याचा इतिहास आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. या व्यवस्थेत लाकूड घडवण्याचे काम सुताराचे, तर गावकीत लाकूड फोडण्याची वेठ महाराची. लाकूड एकच, पण एकाच्या कामाला कसब म्हटले गेले, दुसऱ्याच्या कामाला नुसते कष्ट. धार लावण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाई, म्हणजे जातीतच राही. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडले, ते येथे शब्दशः लागू पडते.

मात्र अस्पृश्यांपाशी कसब नव्हते, हा समज खोटा आहे. चांभाराची रापी दगडावर पाजवली जाई ती त्याच्याच हाताने. इतकेच नव्हे, पटाशीची शेवटची धार लागते ती कातड्यावर, आणि ते कातडे कमावणारे हात ढोराचे. धारेतला हा वाटा मात्र कोणी मोजला नाही.

शहरात तरी काय झाले? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, ही सबब. म्हणूनच १९४२ साली सरकारला सादर केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे अस्पृश्य तरुणांना शिकाऊ म्हणून घेण्याची मागणी केली. पुढे कारागीर प्रशिक्षण योजना (१९५०) आणि शिकाऊ उमेदवार कायदा (१९६१) यांमुळे जन्माऐवजी प्रवेशअर्जाने हत्यार हाती येण्याची वाट निघाली.

आता निवडीकडे वळू. नवशिक्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. एका बाजूने जाड व दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड, थोडे तेल आणि लाकडी फळीवर चिकटवलेला कातडी पट्टा एवढे पुरते. तेही परवडत नसेल तर सपाट काचेवर ठेवलेला पॉलिश पेपर काम भागवतो. पात्याची पाठ आधी सपाट करावी, मग उतार साधारण २५ ते ३० अंशांत घासावा. पाठीमागे बोटाला बारीक किनार लागली की बारीक दगडावर यावे आणि अखेर कातड्यावर ती किनार काढावी. विजेचा ग्राइंडर खांडे पडलेल्या पात्यापुरताच वापरावा; पाते तापून निळे झाले की त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. दगड मध्ये झिजून खोलगट झाला तर तो सपाट केल्याशिवाय पाते सरळ होत नाही.

एवढी विद्या काही दिवसांत शिकवता येते. पिढ्यान्‌पिढ्या ती दुर्मीळ राहिली, याचे कारण तिची अवघडता नव्हे, तिच्याभोवतीचे कुंपण होते. हे कुंपण पुरते मोडलेले नाही. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण ती १८ व्यवसायांसाठी असून त्यांची ओळख 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय' अशीच केली आहे. सुताराच्या मुलाला पटाशी आणि चांभाराच्या मुलाला रापी मिळाली, एवढ्याने समता येत नाही. चांभाराच्या मुलीला पटाशी हवी असेल, तर ती मागता आली पाहिजे. आपल्या वस्तीत, शाळेत, वाचनालयात एक दगड आणि एक शिकवणारा ठेवणे आपल्याच हाती आहे. धार हातावर असते, जातीवर नसते. हे सिद्ध करायला तेवढे पुरेसे आहे.