नावांचे ऋतू : जे. पी. नगरची झाडे आणि मराठी-कन्नड वृक्षलेखन

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर, म्हणजे जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेली वसाहत, ही तशी अलीकडची. सरक्की, पुट्टेनहळ्ळी यांसारखी जुनी गावे आणि त्यांची तळी यांच्या भोवती 1970 नंतरच्या काळात आखीव रस्ते पडले, ‘फेज’ मोजले जाऊ लागले, आणि नोकरीच्या निमित्ताने आलेल्या इतर भाषकांबरोबर मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली. अशा कुटुंबाला परक्या शहरात भेटणाऱ्या पहिल्या अनोळखी गोष्टींमध्ये रस्त्यावरची झाडे असतात. झाड ओळखीचे असते, पण त्याचे नाव वेगळे असते. कधी नाव ओळखीचे असते आणि झाड भलतेच निघते. झाडाची ‘ओळख’ ही क्रिया वनस्पतिशास्त्राइतकीच भाषेच्या इतिहासाशीही बांधलेली आहे, आणि मराठी व कन्नड या दोन शेजारी भाषांनी ती वेगवेगळ्या रीतींनी घडवली आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. जे. पी. नगरसारख्या ठिकाणी या दोन्ही रीती एकाच फुटपाथवर येऊन भेटतात.

प्रथम झाडांविषयी. बेंगळुरूला ‘उद्याननगरी’ म्हणण्याची प्रथा असली, तरी ही उद्याने आपोआप उगवलेली नाहीत. 1760 च्या सुमारास हैदरअलीने लालबागेची पायाभरणी केली. 1856 मध्ये तिला सरकारी वनस्पती-उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे तेथील अधीक्षकांनी देशोदेशींची रोपे आणून रुजवली. त्यांपैकी गुस्टाव्ह हेर्मान क्रुम्बिगेल (1865–1956) हे नाव येथे विशेष महत्त्वाचे आहे. ड्रेस्डेनजवळ जन्मलेला आणि लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला हा जर्मन उद्यानतज्ज्ञ 1893 मध्ये हिंदुस्थानात आला तो बडोद्यास, महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत. म्हैसूर संस्थानात तो 1908 मध्ये गेला. म्हणजे बेंगळुरूच्या रस्त्यांना आज जो रंग आहे, त्याच्या कर्त्याची हिंदुस्थानातील उमेदवारी एका मराठी राजघराण्याच्या बागांत झाली. या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये हे खरे. तथापि सयाजीरावांच्याच राज्यात पुढे 1931 मध्ये निघालेल्या बहुभाषी प्रशासकीय कोशाचे नाव ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ असे होते, हे आठवल्यावाचून राहत नाही. शब्दकोशाला वृक्षाचे नाव देणारी ही दृष्टी प्रस्तुत विषयापासून फारशी दूर नाही.

क्रुम्बिगेलच्या नावावर जी कल्पना सांगितली जाते ती बहरांच्या साखळीची. एका जातीचा बहर ओसरताना दुसरीचा सुरू व्हावा, आणि वर्षातील कोणत्याही महिन्यात शहराचा कोणता ना कोणता रस्ता फुललेला असावा, अशी ही योजना. तीसाठी लागणारी झाडे अर्थातच जगभरातून आली : मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेतील जॅकरांडा आणि टॅबेबुया, आफ्रिकेतील पिचकारी. जे. पी. नगर क्रुम्बिगेलच्या हयातीत नव्हते. तथापि 1980 नंतरच्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांच्या पुढाकाराने शहरात सुमारे 15 लाख झाडे लावली गेली. दक्षिणेकडील नव्या वसाहतींचे रस्ते सावलीचे झाले ते याच काळात. त्यात होंगे, जांभूळ, कडुलिंब ही देशी झाडे होती आणि जुन्या परंपरेतील परदेशीही होती. म्हणूनच या भागातील एका गल्लीत उगादीला होंगे फुलते आणि पलीकडच्या गल्लीत त्याच सुमारास पिवळा टॅबेबुया.

येथे मराठी वाचकाची पहिली अडचण सुरू होते. मराठीत झाडे ओळखण्याची जी वाङ्मयीन शिस्त आहे ती मुख्यतः महिन्यांची आहे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने (1956) ती पक्की केली. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा प्रकरणे, आणि प्रत्येक महिन्याचे आपले फूल, आपला वास, आपले आकाश. या पुस्तकाचा ठसा इतका खोल आहे की नंतरच्या मराठी ललित निबंधात झाड हे जवळजवळ नेहमी पंचांगासह येते. डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी ‘फुलवा’, ‘वृक्षगान’ यांतून एकेका झाडाचे स्वतंत्र चरित्र लिहिण्याची वाट रुळवली. औषधविज्ञानाच्या प्राध्यापक असल्याने त्यांच्या लेखनात गुणधर्म आणि कथा यांचा मेळ वेगळा आहे, पण बहर केव्हा येतो ही ओळखीची पहिली खूण तेथेही सुटलेली नाही.

महाराष्ट्र व कर्नाटक यांचे पंचांग बहुतांशी एक आहे. दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो, आणि गुढीपाडवा व उगादी हा एकच दिवस. परंतु महिन्यांची नावे जुळतात म्हणून हवा जुळत नाही. सुमारे 900 मीटर उंचीवरील बेंगळुरूत वैशाख मुंबईसारखा तापत नाही, एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी ठरावीकपणे येतात, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरभर रेंगाळतो. मराठी ललित वाङ्मयात वसंताची वर्दी देतात ती पळस, पांगारा, सावर ही लाल फुले. बेंगळुरूच्या शहरी रस्त्यावर ती क्वचित दिसतात. तेथे ही वर्दी होंगे देते. होंगे म्हणजे आपला करंज. झाड तेच, पण मराठी मनात करंजाचे स्थान दिव्याच्या तेलाचे, खरजेवरच्या औषधाचे. सणाच्या फुलाचे ते नाही. उलट कन्नडात होंगेच्या फुलांनी नववर्षाच्या कवितेत मानाची जागा मिळवली आहे. त्या कवितांतील सर्वांत परिचित ‘युगादि’ ही द. रा. बेंद्रे यांची. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती, हे तौलनिक अभ्यासकाला सांगायला नको. तेव्हा मराठी घरात वाढलेल्या कवीने करंजाला काव्यात आणले खरे, पण ते करंज म्हणून नव्हे, होंगे म्हणून. या एका उदाहरणात झाड, भाषा आणि वाङ्मयस्मृती यांचा संबंध जितका उघड होतो तितका सिद्धान्ताच्या अनेक पानांतून होणार नाही.

कन्नडातील वृक्षलेखनाची घडण मात्र महिन्यांवर नव्हे, वाटेवर झाली. बी. जी. एल. स्वामी (1918–1980) हे तिचे मुख्य प्रवर्तक. डी. व्ही. गुंडप्पा यांचे हे चिरंजीव. स्वामी व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हार्वर्डमध्ये आयर्विंग बेली यांच्यासमवेत त्यांनी संशोधन केले, पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन केले. त्यांच्या ‘हसुरु होन्नु’ (हिरवे सोने) या पुस्तकाला 1978 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाचा विषय वरवर साधा : एक अध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन पश्चिम घाटात वनस्पती गोळा करायला जातो. वाटेत गप्पा, फजिती, चिखल, जळवा आणि थट्टा, आणि त्यातूनच एकेक वनस्पती ओळखीची होत जाते. चित्रे स्वतः स्वामींचीच आहेत. भागवतांचा निवेदक एका जागी थांबून काळाला समोरून जाऊ देतो. स्वामींचा निवेदक चालत राहतो, आणि झाड त्याला वाटेत भेटते. पहिल्या रीतीत वाचक एकटा असतो, दुसरीत तो टोळीत असतो. भागवतांच्या गद्याची भावगर्भता श्रेष्ठच आहे. परंतु अनोळखी झाड ओळखण्याच्या कामात स्वामींची रीत अधिक उपयोगी पडते, हे मान्य केले पाहिजे, कारण तीत न ओळखण्याला, चुकण्याला आणि हसण्याला जागा आहे.

त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे : ‘नम्म होट्टेयल्लि दक्षिण अमेरिका’, अर्थात आपल्या पोटात दक्षिण अमेरिका. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग यांसारखे ‘आपले’ पदार्थ मुळात कुठून आले याची ही हसतखेळत केलेली झडती. पोटाबद्दल जे खरे आहे ते जे. पी. नगरच्या रस्त्याबद्दलही खरे आहे. परकी झाडे भाषेने आत कशी घेतली, याची चौकशी म्हणूनच नावांपासून करावी लागते.

या बाबतीत चाफ्याचे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे. देवळाच्या आवारात, स्मशानापाशी, अपार्टमेंटच्या फाटकाशी सर्वत्र दिसणारा पांढरा चाफा हा मूळचा मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. मराठीने त्याचा वास आणि रूप पाहून त्याला सोनचाफ्याच्या गोतात बसवले, आणि खुरचाफा, देवचाफा अशी नावे दिली. कन्नडातही त्याला संपिगेच्या, म्हणजे चंपकाच्या, नात्यात ओढणारी नावे आहेत. परंतु तेथले रूढ नाव देवकणगिले. कणगिले म्हणजे कण्हेर. शास्त्र या बाबतीत कन्नड लोकनामाच्या बाजूचे आहे. सोनचाफा मॅग्नोलियाच्या चंपक कुलातला, तर पांढरा चाफा आणि कण्हेर हे दोघे सख्खे कुलबंधू. गंमत अशी की मराठी परिभाषेने या कुलाला ‘करवीर कुल’ असेच नाव दिले आहे. म्हणजे कन्नड माळिणीच्या तोंडी जे नाव सहज येते तेथे मराठी भाषक शास्त्राच्या दाराने पोहोचतो.

उलट बाजूचेही उदाहरण देता येते. ‘गुलमोहर’ हा शब्द मराठीत रुजला तो फारसी ‘गुल’सह. पण त्यातील ‘मोहर’ मराठी कानाला आंब्याच्या मोहराची आठवण देणारा होता. मग मराठीने या शब्दाचे एक घराणेच तयार केले : जॅकरांडा झाला नीलमोहर, पिवळ्या फुलांचा पेल्टोफोरम झाला सोनमोहर. यांपैकी सोनमोहर गुलमोहरासारखाच शिंबावंत, म्हणजे शेंगांच्या कुळातला. नीलमोहर मात्र टेटू कुलातला, त्याचे नाते केवळ पानांच्या पिसाऱ्यापुरते. शास्त्राच्या दृष्टीने ही चूक. भाषेच्या दृष्टीने ही सर्जक कृती, कारण एका परक्या झाडाने दुसऱ्या परक्या झाडाला घरात आणले. कन्नडाने हेच काम ‘मल्लिगे’ या शब्दाकडून करून घेतले आहे. मोगरा तर मल्लिगे आहेच, पण संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी संजेमल्लिगे, आणि उंच झाडावरून पांढऱ्या नळीदार फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड आकाशमल्लिगे. मराठीतही त्याला आकाशमोगरी म्हणतात. मात्र ‘बूच’ हे रोजच्या वापरातले नाव त्याच्या सालीच्या उपयोगातून आलेले. पिचकारीच्या बाबतीत दोन्ही भाषांनी मुलांचे ऐकले. कळी दाबली की पाणी उडते म्हणून मराठीत पिचकारी, आणि त्याच कारणाने कन्नडात नीरुकायि.

फुलवालीच्या टोपलीपाशी हा व्यवहार अधिक जिवंत होतो. येथे गजरा ‘मोळ’ने, म्हणजे हाताच्या मापाने, विकला जातो. मराठी गृहिणी अबोली मागते, तेव्हा तिला मिळते ते कनकांबर. फूल तेच. परंतु कर्नाटकाच्या किनारपट्टीत याच फुलाला अब्बलिगे म्हणतात, आणि मग ‘न बोलणारी ती अबोली’ ही आपली लाडकी व्युत्पत्ती संशयास्पद वाटू लागते. शब्द कोणाकडून कोणाकडे गेला याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. कोकण ते कानडा या पट्ट्यात फुलांची नावे एकभाषी कधीच नव्हती, एवढे पुरे. या बहुभाषिकतेला छापील पुरावाही आहे. कोचीनच्या डच गव्हर्नराने सिद्ध केलेल्या ‘होर्तुस मालाबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात (1678–1693) वनस्पतींची नावे अनेक लिप्यांत दिली आहेत. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित व आपु भट या तीन कोकणी वैद्यांचे 1675 चे प्रमाणपत्र देवनागरीत छापलेले आहे. देवनागरीच्या मुद्रणेतिहासातील हा अगदी आरंभीचा टप्पा, आणि तो काव्याचा वा धर्मग्रंथाचा नसून झाडे ओळखल्याच्या साक्षीचा आहे. बेंगळुरूत तर शहाजीराजांच्या दरबारी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषा एकत्र नांदवल्या होत्याच. राजवाड्यांनी 1922 मध्ये तो ग्रंथ संपादून त्याचे महत्त्व दाखवून दिले.

या सर्व खटाटोपातून निसटलेले एक झाड म्हणजे टॅबेबुया. हिवाळा सरताना त्याचा गुलाबी बहर जे. पी. नगरच्या रस्त्यांवर पसरतो, पाने जवळजवळ नसतातच, आणि वर्तमानपत्रे छायाचित्रे छापतात. मुंबईत त्याला ‘वसंतराणी’ म्हणण्याचा प्रयत्न झाला, परंतु ते नाव अजून बोलीत मुरलेले दिसत नाही. बेंगळुरूत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषक त्याला लॅटिन नावानेच ओळखतात. सर्वाधिक पाहिले जाणारे हे झाड दोन्ही वाङ्मयांत जवळजवळ नाही, कारण ज्याला घरचे नाव नाही त्याला कवितेत शिरायला दार सापडत नाही. नीलमोहर, पिचकारी आणि आकाशमल्लिगे ही टॅबेबुयाचीच कुलबंधू. त्यांना नावे मिळाली, याला अद्याप मिळायचे आहे.

नावाचा प्रश्न केवळ वाङ्मयापुरता राहिलेला नाही. 2014 पासून ‘नेरळु’ (सावली) नावाचा वृक्षोत्सव बेंगळुरूतील नागरिकांनी सुरू केला, आणि झाडांभोवती फिरत नावे शिकण्याची स्वामींची जुनी रीत शहराच्या रस्त्यांवर आली. 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या मेट्रोच्या तिसऱ्या टप्प्यातील एक मार्गिका जे. पी. नगर चौथ्या फेजपासूनच निघते आणि बाह्यवळण रस्त्याने केंपापुरापर्यंत जाते. कर्नाटकाच्या 1976 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार मोठ्या संख्येने झाडे तोडावयाची असल्यास जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. हरकत लिहिणाऱ्याला झाड कोणते ते सांगता यावे लागते. ‘कोपऱ्यावरचे मोठे झाड’ एवढ्याने अर्ज पुढे सरकत नाही. अशा अर्जात मराठी भाषक करंज लिहितो, शेजारी होंगे लिहितो, आणि यादीत असते पोंगामिया. तिघांना ते एकच झाड असल्याचे ठाऊक असावे लागते.